‘बाकीच्यां’चा संघ

मधल्या सुटींत आपल्या शाळेच्या पटांगणावर क्रिकेटचा डाव मांडला जातो, तेव्हां दोन मोठीं मुलें पुढें होऊन आपापले गडी निवडूं लागतात, हें आम्ही व्हरांड्यांतून नित्य पाहत असतों. प्रथम चपळ मुलांस बोलावणें येतें. मग ज्याच्या घरची बॅट असेल त्यास. मग मित्रांस, आणि मग मित्रांच्या धाकट्या भावांस. शेवटीं चारदोन मुलें भिंतीशीं उभीं राहतात. त्यांस कोणी नांवानें हांक मारीत नाहीं. ‘बाकीचे तुमच्यांत घ्या,’ असें एकजण दुसऱ्यास सांगतो आणि त्यांची सोय लागते. लहानपणीं आम्ही त्या भिंतीशीं पुष्कळ वेळां उभे राहिलेलों आहों. त्यामुळें ‘बाकीचे’ हा शब्द कानास किती बोंचतो, हें आम्हांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

हेंच नांव धारण करून खेळणारा क्रिकेटचा एक संघ आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेला आहे. मुंबईच्या सुप्रसिद्ध पंचरंगी सामन्यांतील तो पांचवा संघ. इंग्रजींत त्यास ‘रेस्ट’ म्हणत. रेस्ट या शब्दाचा विसांवा हा अर्थ तुम्हांस ठाऊक आहे. येथें मात्र त्याचा अर्थ उरलेले, बाकीचे असा समजावा. इ. स. १९३७ सालीं हा संघ जन्मास आला आणि १९४५–४६ च्या हंगामानंतर तो नाहींसा झाला. त्यानें स्पर्धा एकदांही जिंकली नाहीं. दोन वेळां तो शेवटच्या सामन्यापर्यंत पोंचला आणि दोन्ही वेळां हरला. अशा संघाची हकीगत सांगण्यांत काय हंशील, असें पालकांपैकीं कोणी विचारील. त्यांनीं थोडा धीर धरावा.

प्रथम हे पंचरंगी सामने काय होते तें सांगितलें पाहिजे. आजच्या मुलांस राज्यांचे संघ ठाऊक आहेत, शहरांचे संघ ठाऊक आहेत, आणि लिलांवांत खेळाडू विकत घेऊन उभे केलेले संघ तर तोंडपाठ आहेत. परंतु धर्मावरून अथवा जातीवरून संघ पाडावे, ही गोष्ट त्यांस चमत्कारिक वाटेल. मुंबईंत अर्धशतकाहून अधिक काळ ती कोणास चमत्कारिक वाटली नाहीं.

एतद्देशीय लोकांत क्रिकेट प्रथम उचललें तें पारशांनीं. त्यांनीं १८४८ सालीं मुंबईंत ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. १८८६ व १८८८ सालीं त्यांचे संघ विलायतेस जाऊन खेळून आले, आणि १८९० सालीं व्हर्नन यांच्या नेतृत्वाखालीं आलेल्या इंग्लिश पाहुण्यांस त्यांनीं मुंबईंत एका सामन्यांत हरविलें. पुढें १८९२ पासून मुंबई इलाख्यांतील युरोपियन व पारशी यांचा सामना दरसाल होऊं लागला. १९०७ सालीं त्यांत हिंदूंचा संघ आला व सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ आला व ते चौरंगी झाले. हरला तो संघ स्पर्धेबाहेर, आणि शेवटीं उरलेल्या दोहोंचा निकालाचा सामना, अशी साधी व्यवस्था होती.

ही वांटणी कोणी दुष्टपणानें योजून केली असें म्हणतां येत नाहीं. गोऱ्या लोकांच्या बाँबे जिमखान्यांत एतद्देशीय मनुष्यास सभासद म्हणून प्रवेश नव्हता. तेव्हां पारशांनीं आपला जिमखाना काढला, हिंदूंनीं आपला, मुसलमानांनीं आपला. समुद्रकांठीं केनेडी सी फेसवर सरकारनें या जिमखान्यांस जागाही तशाच निरनिराळ्या दिल्या. एका दारावर बंदी झाली म्हणून तीन दारें निघालीं. मग ज्याच्या त्याच्या दारांतून ज्याचा त्याचा संघ बाहेर पडूं लागला. घरांत वेगळी चूल मांडली कीं कांहीं दिवसांनीं ताटेंवाट्याही वेगळ्या होतात, तसेंच हें झालें.

आणि सामने म्हणावे तर मोठे बहारीचे होत. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरास पायीं जाणाऱ्या भक्तांनीं आपल्या तामलवाडीवरचा रस्ता कसा फुलून जातो, तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तसा समुदाय एका मैदानाभोंवतीं गोल बसला आहे अशी कल्पना करा, म्हणजे या सामन्यांची थोडीशी अटकळ येईल. पुढें नभोवाणी आली तेव्हां बॉबी तल्यारखान हे गृहस्थ एकटेच दिवसभर बोलून सामन्याचें वर्णन ऐकवीत. देशांतील उत्तमोत्तम खेळाडूंस नांव मिळवावयाचें तर हेंच ठिकाण होतें. सोलापुरास नित्य जाणाऱ्या पालकांस ऐकून आनंद होईल कीं, पुढें भारतीय संघाचे कर्णधार झालेले पॉली उमरीगर यांचा जन्म सोलापुरांतला, १९२६ सालचा. आणि वयाच्या अठराव्या वर्षीं त्यांनीं प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें पहिलें पाऊल टाकलें तें याच सामन्यांत, पारशांच्या संघाकडून.

परंतु चार नांवांचे चार संघ झाले म्हणजे चार घरें सुखी झालीं असें नव्हे. हिंदु संघाचीच गोष्ट घ्या. त्या संघाचा पहिला मोठा गोलंदाज पालवणकर बाळू. जन्म १८७६ सालचा, धारवाडचा, जात चांभार. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत खेळपट्टी सारवण्याचें व जाळीं उभारण्याचें काम ते तुटपुंज्या पगारावर करीत. तेथें ग्रेग नांवाच्या नामांकित फलंदाजास सराव देतां देतां त्यांचा डावरा हात असा कांहीं तयार झाला कीं, गोऱ्यांस हरवूं इच्छिणाऱ्या पुण्याच्या हिंदु क्लबास त्यांची गरज भासूं लागली. त्यांस घ्यावें कीं न घ्यावें यावर वाद झाला व अखेर घेतलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं हातीं घ्यावा. पण चहाच्या वेळीं त्यांस चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यांत. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळू व त्यांचे बंधु शिवराम यांचा हात मोठा होता. १९११ सालीं विलायतच्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ गडी बाद केले. तथापि हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस कधीं मिळालें नाहीं. तें मिळालें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस, १९२३ सालीं, आणि त्या सालीं हिंदूंनीं स्पर्धा जिंकली. हिंदु या एका नांवाखालींसुद्धां कोणी भिंतीशीं उभें होतेंच, एवढें लक्षांत ठेवून पुढें जाऊं.

आतां प्रश्न असा कीं, जो युरोपियन नाहीं, पारशी नाहीं, हिंदु नाहीं व मुसलमानही नाहीं, त्यानें कोठें खेळावें? एतद्देशीय ख्रिस्ती होते, यहुदी होते, बौद्ध होते. यांच्यांतही चेंडू वळविणारे व फटकावणारे होते. पण १९३७ पर्यंत त्यांस चौरंगी सामन्यांचें दार नव्हतें. त्या सालीं पांचवा संघ घेण्याचें ठरलें. त्यास नांव काय द्यावें? एक धर्म असता तर त्याचें नांव दिलें असतें. एक प्रांत असता तर त्याचें. येथें तर असें कांहींच नव्हतें. म्हणून जें उरलें तेंच नांव झालें: रेस्ट. कधीं कधीं सिंहलद्वीपांतून, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतून, आलेले खेळाडूही या संघांत घेत, कारण तेथें बहुतेक लोक बौद्ध. समुद्रापलीकडचा सिंहली, कोंकणांतला यहुदी व देशावरचा ख्रिस्ती हे एका संघांत कां, तर ते चारांपैकीं कोणांतच बसत नाहींत म्हणून. इतर चार नांवें ऐकून खेळाडू कोण आहे तें समजे. या पांचव्या नांवावरून तो कोण नाहीं एवढेंच समजे. पंचरंगी म्हणतांना पांच रंग मोजले जात, पण पांचव्याचा रंग कोणता हें कोणी सांगूं शकलें नसतें.

हिंदु, पारशी व मुसलमान यांच्या संघांमागें त्यांचे जिमखाने, त्यांचे धनिक आश्रयदाते व त्यांचा प्रेक्षकवर्ग उभा होता. या पांचव्या संघांतील भिन्नभिन्न लोकांस एका छपराखालीं आणील असा जिमखाना नव्हता. पहिल्याच सालीं, म्हणजे १९३७–३८ मध्यें, तंटा उपस्थित झाला. नुकत्याच उघडलेल्या ब्रेबोर्न स्टेडियममध्यें आपल्या वाट्यास पुरेशा जागा येत नाहींत म्हणून हिंदूंनीं माघार घेतली, आणि पंचरंगी म्हणून घोषित झालेली स्पर्धा प्रत्यक्षांत चारांचीच झाली. जागांच्या वांटणीवरून भांडण होऊं शकतें, हें आपल्या स्नेहसंमेलनास आलेल्या पालकांस विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं.

या संघास जें थोडेंबहुत तेज चढलें तें मुख्यतः एका माणसामुळें. विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगली येथें एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. वडील शाळामास्तर, मुलें आठ. (शाळामास्तराचा मुलगा, हें लिहितांना आमची छाती किंचित् फुगली असेल, तर वाचकांनीं क्षमा करावी.) स्वभावानें अबोल, खेळांत संथ, उजव्या हाताचे फलंदाज आणि मध्यम गतीचे उपयुक्त गोलंदाज. ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचें मार्गदर्शन त्यांस लाभलें.

आतां एक मौज पाहा. पुण्यास प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नायकत्वाखालीं महाराष्ट्राचा संघ रणजी करंडकासाठीं खेळे. ही स्पर्धा १९३४ सालीं सुरू झालेली व प्रांतवार वांटलेली. त्या संघांत हजारे होते. १९३९–४० च्या हंगामांत बडोद्याविरुद्ध त्यांनीं पुण्यास नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचें प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील हें पहिलें त्रिशतक. त्या सालीं व पुढच्या सालीं करंडक महाराष्ट्रानें जिंकला. त्या संघांत हजारे यांस कोणी ‘बाकीचे’ म्हणत नव्हते. ते महाराष्ट्राचे होते, एवढ्यानें भागत होतें. तेच हजारे पुण्याहून आगगाडींत बसून मुंबईस उतरले कीं त्यांचें नांव बदलून जाई. घांट उतरला आणि महाराष्ट्राचा मानकरी ‘उरलेला’ झाला! माणूस तोच, बॅट तीच, धावाही तशाच. वांटणारे हात मात्र निराळे.

१९४०–४१ सालीं रेस्ट संघ प्रथमच शेवटच्या सामन्यास पोंचला. मुसलमानांच्या संघानें त्यास सात गडी राखून हरविलें. त्या सालीं हिंदूंचा संघ नव्हता. त्याचें कारण पुढें येईल. परंतु या संघाची खरी कहाणी १९४३ सालची आहे, आणि तेथें आम्ही जरा थांबणार आहों.

त्या सालीं मुसलमानांच्या संघाविरुद्ध हजारे यांनीं २४८ धावा केल्या. या सामन्यांतील एका खेळाडूच्या धावांचा तो नवा उच्चांक होता. शेवटच्या सामन्यांत रेस्टपुढें हिंदूंचा संघ उभा राहिला, आणि त्यांत विजय मर्चंट हे होते. मर्चंट यांनीं नाबाद २५० धावा काढल्या. म्हणजे एका सामन्यापूर्वींचा उच्चांक बरोबर दोन धावांनीं मागें पडला. हिंदूंनीं पांच गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडून दिला. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांत हजारे यांच्या ५९. म्हणजे ४४८ धावांचें ओझें डोक्यावर घेऊन त्यांस लागलीच दुसऱ्यांदा खेळावयास यावें लागलें. याला फॉलोऑन म्हणतात, हें मुलांस सांगावयास नको; पालकांसाठीं सांगितलें.

दुसऱ्या डावांतही पांच गडी लवकर परतले. येथें सामना संपावयाचा. परंतु विजय हजारे एका टोंकास उभे होते, आणि दुसऱ्या टोंकास त्यांचे बंधु विवेक येऊन उभे राहिले. या दोघां भावांनीं सहाव्या गड्यासाठीं ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेक यांच्या धावा किती? अवघ्या एकवीस. वरवर पाहणारा हंसेल. पण ज्यानें कधीं दुसऱ्या टोंकास उभें राहून नुसतेच चेंडू अडविले आहेत त्यास त्या एकवीस धावांची किंमत कळेल. गडी टिकला नसता तर विजय यांच्या धावा कोठून झाल्या असत्या? विवेक यांचें नांव आज कोणाच्या स्मरणांत नाहीं. आम्हांस मात्र या सामन्यांत सर्वांत अधिक आवडतो तो त्यांचाच डाव.

विजय हजारे यांनीं ३०९ धावा केल्या. मर्चंट यांचा उच्चांक त्याच सामन्यांत मोडला. रेस्टचा डाव संपला तेव्हां फलकावर ३८७ होते. आठवीच्या विद्यार्थ्यांनीं येथें पाटी घ्यावी: ३८७ मधून ३०९ वजा करा. उरले ७८. बाकीचे दहा खेळाडू व अवांतर धावा मिळून अठ्ठ्याहत्तर! शंभर धावांमागें जवळजवळ ऐंशी एका माणसाच्या. एवढें होऊनही हिशेब संपत नाहीं. १३३ व ३८७ यांची बेरीज ५८१ मधून वजा करा, म्हणजे रेस्ट संघ एक डाव व ६१ धावांनीं कां हरला तें कळेल. त्रिशतक करूनही ज्याचा संघ डावानें हरला असा तो सामना. तथापि १९४३ च्या त्या स्पर्धेचा विजेता कोण होता, हें आज ग्रंथ उघडल्यावांचून थोडेच लोक सांगतील. हजारे यांचे ३०९ मात्र क्रिकेट वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहेत.

आतां त्या माघारीकडे वळूं. १९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचे कांहीं लोक वर्ध्यास महात्मा गांधींची भेट घेण्यास गेले आणि या सामन्यांविषयीं त्यांनीं मत विचारिलें. देशांतील पुढारी तुरुंगांत असतांना व युद्ध चालू असतांना असा उत्सव करावा काय, हा एक प्रश्न होता. गांधींनीं त्याच्याही पलीकडे जाऊन सांगितलें कीं, शाळांशाळांचे, संस्थांसंस्थांचे सामने आपण समजूं शकतों, परंतु हिंदु, मुसलमान, पारशी असे संघ करण्याचें कारण आपणांस कळत नाहीं. निदान खेळाचें क्षेत्र तरी या भेदांपासून मोकळें असावें. जिमखान्यांत यावर मोठा वादविवाद झाला आणि त्या सालीं हिंदु संघ मैदानांत उतरला नाहीं. पुढल्या सालीं तो पुन्हां आला. १९४२ च्या चळवळीच्या हंगामांत सामने झालेच नाहींत. नंतर तीन हंगाम पुन्हां झाले.

विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. या सामन्यांचे चाहते म्हणत कीं, मैदानावर कधीं दंगा झाला नाहीं. चांगल्या खेळास सर्व धर्मांचे प्रेक्षक टाळ्या देतात. उलट याच निमित्तानें सर्व लोक एका जागीं बसतात. त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. १९४४–४५ च्या अंतिम सामन्यांत मुसलमानांच्या संघानें हिंदूंवर अवघा एक गडी राखून विजय मिळविला. इतकी चुरस असूनही खेळ खेळच राहिला. शिवाय पैशाचाही प्रश्न होता. रणजी करंडकाचे सामने पाहण्यास थोडे लोक येत, आणि पंचरंगी सामन्यांस जागा मिळत नसे. परंतु मैदानाबाहेर देशाची हवा बिघडत चालली होती. जें नांव संध्याकाळीं टाळ्यांत ऐकावें तेंच रात्रीं दंग्याच्या बातमींत ऐकावें, असे दिवस आले. १९४५–४६ च्या हंगामांत हिंदूंनीं पारशांस हरविलें आणि तीच शेवटची पंचरंगी स्पर्धा ठरली. क्रिकेट नियामक मंडळानें तिच्या जागीं विभागवार सामने सुरू केले. १९४६ च्या उन्हाळ्यांत पतौडीचे नबाब, मर्चंट, हजारे, मुश्ताक अली व पारशी रूसी मोदी हे सर्व एकाच जहाजाचे प्रवासी असल्याप्रमाणें एका भारतीय संघांतून विलायतेंत खेळले.

त्याच वर्षीं पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस एक गोष्ट घडली, ती येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ आहे. चेंडू व दांडा यांचाच, क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ म्हणा. तेथें मोठ्या संघांच्या स्पर्धा असतात आणि त्यांच्या खालच्या पायरीवर लहान संघांच्या. लहानांत तयार झालेला खेळाडू मोठ्यांत जातो. त्या मोठ्या व लहान दोन्ही स्पर्धांत काळ्या वर्णाच्या खेळाडूंस कित्येक दशकें प्रवेश नव्हता. त्यांचे संघ निराळे व त्यांच्या स्पर्धाही निराळ्या. १९४६ सालीं जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू माँट्रिऑल रॉयल्स या खालच्या पायरीवरील संघांतून खेळला. त्या सालीं रॉयल्सनीं आपली स्पर्धा जिंकली आणि १५ एप्रिल १९४७ रोजीं रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स या मोठ्या संघांतून मैदानावर उतरला. आपल्याकडील प्रकार व तो प्रकार एकच नव्हत. तेथें दार बंद होतें, येथें दारें पुष्कळ होतीं पण प्रत्येकावर पाटी होती. तरी ते निराळे संघ नाहींसे झाल्यावर त्यांतील खेळाडूंच्या धावांचें काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. अमेरिकेनें २०२० च्या डिसेंबरांत त्या काळ्या खेळाडूंच्या स्पर्धांस मोठ्या स्पर्धांचा दर्जा दिला आणि २०२४ सालीं त्यांचे आंकडे मुख्य वहींत घेतले. आपल्याकडे पंचरंगी सामने पूर्वींपासूनच प्रथम श्रेणीचे गणले जात असल्यानें हजारे यांचे ३०९ कोणी पुसले नाहींत.

हजारे यांचें पुढील चरित्र तुम्हांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. १९४१ पासून ते बडोद्याकडून खेळूं लागले होते. १९४७ च्या मार्च महिन्यांत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत होळकर संघाविरुद्ध त्यांनीं व गुल महंमद यांनीं चौथ्या गड्यासाठीं ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. देशाची फाळणी त्यानंतर पांच महिन्यांनीं झाली, आणि गुल महंमद पुढें पाकिस्तानकडून खेळले. १९४८ च्या जानेवारींत अ‍ॅडिलेड येथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटींत हजारे यांनीं ११६ व १४५ अशीं दोन शतकें काढलीं. १९५२ च्या फेब्रुवारींत मद्रास येथें इंग्लंडला एक डाव व ८ धावांनीं हरवून भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां कर्णधार हजारे होते. १८ डिसेंबर २००४ रोजीं बडोदें येथें त्यांचें निधन झालें. राज्यांच्या संघांची एकदिवसीय स्पर्धा आज त्यांच्या नांवानें खेळली जाते.

येथें आमची एक अडचण वाचकांपुढें मोकळेपणानें ठेवितों. आमच्या लहानपणीं घरीं हजारे यांचें नांव निघे तें ‘आपला हजारे’ असें. वडील हें दोन शब्द उच्चारीत तेव्हां त्यांच्या आवाजांत एक निराळाच भाव असे. तालुक्याच्या गांवीं आमचीं घरें हाताच्या बोटांवर मोजण्याजोगीं. अशा घरांतील मुलास आपल्यासारखाच एकजण मर्चंटांस तोडीस तोड होता, हें ऐकून केवढा धीर येतो, हें ज्यास अनुभव नाहीं त्यास सांगून कळणार नाहीं. तो धीर खोटा होता असें आम्ही आजही म्हणत नाहीं. परंतु पुढें ही सर्व हकीगत वाचली तेव्हां मनांत आलें कीं, ‘आपला’ म्हणतांना आम्हीही तीच पाटी हातांत धरीत होतों, जिच्यावर मुंबईवाल्यांनीं ‘रेस्ट’ असें लिहिलें होतें. पाटीची दुसरी बाजू, एवढेंच. सांगलीच्या मुलांनीं त्यांस आपला म्हणावें, महाराष्ट्रानें म्हणावें, बडोद्यानें म्हणावें; त्यांत आमचा ‘आपला’ कितवा? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अद्याप नीट देतां येत नाहीं. वडिलांस विचारलें असतें, पण ते आतां नाहींत.

आपल्या पटांगणावरील त्या भिंतीचें काय झालें, तें सांगून लेखणी ठेवितों. गेल्या वर्षीं आम्हीं असें ठरविलें कीं, गडी निवडावयाचेच नाहींत. हजेरीपटावर ज्यांचे क्रमांक सम ते एका बाजूस, ज्यांचे विषम ते दुसऱ्या बाजूस. भिंतीशीं कोणी उरलें नाहीं. पहिल्याच दिवशीं विषम बाजू आमच्याकडे तक्रार घेऊन आली कीं, तीनही चांगले गोलंदाज सम आहेत, आणि त्यांच्या बाजूस यष्टीमागें उभें राहणारा एकही नाहीं. आम्हीं विचारलें, मग यष्टीमागें आज कोण उभा राहिला? त्यांनीं एका सातवींतल्या मुलाकडे बोट दाखविलें. हा मुलगा पूर्वीं नेहमीं भिंतीशीं असे. त्याच्या दोन्ही गुडघ्यांस माती लागली होती, आणि त्यानें किती चेंडू अडविले व किती सोडले यावर दोन्ही बाजूंत जोराचा वाद चालला होता. इतक्यांत सुटी संपल्याची घंटा झाली.